साक्ष काट्यावर कळते

‘साक्ष द्या’, म्हणजे आपला विश्वास लोकांना सांगा, असं म्हटलं की ख्रिस्ती मंडळीतल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे मांडव, भोंगा आणि बाहेरगावचा वक्ता येतो. गावाला मात्र तुमची साक्ष त्याआधीच मिळालेली असते, कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बांधावर वजनाचा काटा टांगला जातो तेव्हा.

वेचणीची मजुरी किलोवर. गाठोडं बांधायचं फडकं सगळ्यांसमोर एकदा रिकामं तोलावं आणि तेवढंच वजा करावं. ‘प्रत्येक गाठोड्यामागं किलोभर कमी’ हा ठोक हिशेब सरळ चोरी आहे, मग धनी दर रविवारी उपासनेत पहिल्या रांगेत बसो. आकडा वेचणाऱ्या बाईला दिसला पाहिजे आणि वहीत तिच्यादेखत चढला पाहिजे. मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असं बायबलात लेवीय १९:१३ सांगतं. रोज चुकती करणं जमत नसेल तर आठवड्याचा करार आधीच बोलून घ्यावा आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पैसे हातात द्यावेत. बाजार हुकला की त्या घरचा आठवड्याचा किराणा हुकतो.

विकतानाही तेच. सीसीआय, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळ, ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेते. सकाळच्या दवातला माल उन्हात वाळवावा. वजनासाठी पाणी मारणाऱ्याच्या तोंडून ‘प्रभूने मला बदललं’ हे ऐकून गाव हसणारच.

फवारणीचं तर विचारूच नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर दगावले. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, हात धुवायला साबण आणि पाणी ही धन्याची जबाबदारी. वाऱ्याच्या तोंडावर फवारा मारायला लावू नये, दोन औषधं मनानेच मिसळू नयेत. शेजाऱ्यावर प्रीती कर ही आज्ञा पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, अशीच पाळावी लागते.

आजाऱ्याकडे जाताना आधी विचारावं, ‘काकाजी, प्रार्थना केली तर चालेल का?’ नको म्हणाले तर पाणी पिऊन, ख्यालीखुशाली विचारून उठावं. घरात बाई एकटी असेल तर सोबत बायको किंवा बहीण न्यावी. दहा मिनिटं पुरतात. आणि गोळ्या बंद करायला कधीही सांगू नये. टीबीचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो; मध्येच सोडला तर रोग उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होतो.

सगळ्यात मोठी चूक दारूच्या बाबतीत होते. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस प्रार्थनेत रडतो आणि त्याच रात्री दारू सोडतो. सगळे हालेलुया म्हणून घरी जातात. पहिल्या दिवसातच हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन तो नसलेली माणसं पाहू लागतो. यात जीवही जातो. म्हणून सोडण्याआधीच त्याला डॉक्टरकडे न्यावं, पहिले चार-पाच दिवस पाळीपाळीने कोणीतरी सोबत राहावं आणि झटका आला तर थेट सरकारी दवाखाना गाठावा. मांडवाच्या खर्चापेक्षा या चार रात्री जास्त मोलाच्या आहेत.

मदत आणि उपदेश एकाच पिशवीत घालू नये. ज्वारी दिली त्या दिवशी पुस्तिका देऊ नये. घेणाऱ्याला वाटतं किंमत मागताहेत, गावाला वाटतं माणूस विकत घेताहेत; आणि दोघांचंही चुकत नाही.

पोळ्याला बैलाला विश्रांती द्यावी, त्याचे खांदे शेकावेत. नीतिमान आपल्या जनावराच्या जिवाकडे पाहतो, असं नीतिसूत्रं १२:१० मध्ये आहे. पूजेत आपण बसत नसू तर ते हळू आवाजात, एकदाच सांगावं. शेजाऱ्याच्या देवाची टिंगल केली की दार बंद होतं, ते बहुधा कायमचंच.

असं वागलं की कधीतरी पारावर कोणी विचारतं, ‘भाऊ, तुम्ही काट्यात मारत नाही, असं काहून?’ बोलायची वेळ ती. पहिले पेत्र ३:१५-१६ प्रमाणे सौम्यतेने, दोन-तीन मिनिटांत उत्तर द्यावं. ‘तारण’, ‘अभिषेक’ हे मंडळीतले शब्द बाजूला ठेवून येशूने काय केलं ते साध्या वऱ्हाडीत सांगावं. ऐकणाऱ्याला पुढे वाचायचं असेल तर मार्काचं शुभवर्तमान द्यावं. सोळाच अध्याय आहेत, रोज जेवणानंतर एक. तिसऱ्या दिवशी तो आला नाही तर घरी बोलावणं धाडू नये. काटा उद्याही टांगायचाच आहे.