दासगाव, महाड आणि एक गळकी बाटली

कोलाडच्या पुढे एसटी थांबली ती पाऊण तास जागची हलली नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण हा विषय निघाला की अख्ख्या गाडीला कंठ फुटतो, तसा फुटला. "हा रस्ता पुरा होईस्तोवर माझा नातू रिटायर होईल," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून तांदळाची भाकरी काढली. सोबत सुक्या जवळ्याची चटणी. मागच्या सीटवरच्या दोघांनी माना पुढे केल्या, त्यांनाही अर्धी अर्धी मिळाली.

काकू आमच्या चाळीतल्या, तिसऱ्या माळ्यावरच्या. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर जायचं हा त्यांचा दरवर्षीचा नेम. या वेळी गुडघ्याने दगा दिला, म्हणून सोबतीला मी. घरात बाबासाहेबांचा फोटो, १४ एप्रिलला नवे कपडे, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कची रांग, हे सगळं माझं झालेलं. महाड तेवढं राहिलं होतं. काकूंच्या पिशवीत एक लिटरची रिकामी बाटलीही होती. रिकामी का, ते मी विचारलं नाही.

माणगाव गेलं, लोणेरे गेलं. दासगाव आल्यावर काकूंनी खिडकीतून सावित्रीच्या खाडीकडे बघत हात जोडले. देऊळ नाही, पुतळा नाही, नुसती खाडी. पण बरोबर होतं त्यांचं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला भरलेल्या सत्याग्रह परिषदेला बाबासाहेब याच वाटेने आले. नेहमीचा रस्ता धरमतर बंदरावरून, पुढे मोटारीने. मोटारवाले बहिष्कार घालतील अशी धास्ती होती, म्हणून २४ तारखेला मुंबईहून 'पद्मावती' बोट धरली आणि दुसऱ्या दिवशी दासगावला उतरून पाचेक मैल चालत महाड गाठलं. मोटारीत बसू देतील की नाही याचा हिशेब विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसालाही करावा लागत होता.

महाडला पोचेपर्यंत अंधार पडला. लॉजवरच्या गृहस्थांनी रजिस्टर उघडलं.

"नाव?"

सांगितलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. आजोबांनी गिरणीत नाव लावताना ते घेतलं, मूळचं मागे टाकलं. कोकणात हे नवीन नाही. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं, तेही आंबडवे गावावरूनच आलेलं. 'कर' लावला की माणूस निम्मा झाकला जातो.

"म्हणजे दापोलीकडचे?"

"हो."

"आमचे पुष्कळ पाहुणे आहेत तिकडे. कुठली वाडी तुमची?"

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आडनाव विचारून भागलं नाही की वाडी विचारतात, कारण वाड्याच जातवार वसलेल्या. मी "गावातच, अशी मधल्या भागात" असं काहीतरी पुटपुटले. चौतीस वर्षांची बाई, मुंबईत टीम सांभाळते, आणि पुटपुटले.

"बौद्धवाडी," काकू म्हणाल्या. "खोली द्या आता, गुडघा ठणकतोय."

खोली मिळाली. चादरी स्वच्छ होत्या, गरम पाणी होतं. तक्रार करावी असं काहीच घडलं नाही, त्यामुळे झोप का लागत नाहीये हे काकूंना कसं सांगावं कळेना.

सकाळी तळ्याकडे जाणारा रस्ता पांढऱ्या कपड्यांनी आणि निळ्या झेंड्यांनी भरून गेला होता. दोन्ही बाजूंना पुस्तकांचे स्टॉल. जत्रेत जिलेबीच्या कढईभोवती जमते तशी गर्दी इथे पुस्तकांभोवती. तळं मात्र मनातल्यापेक्षा मोठं निघालं. चार-पाच एकरांचं, चारी बाजूंनी रस्ता आणि रस्त्यापलीकडे घरं.

ती घरंच सगळ्या गोष्टीत महत्त्वाची. समाजसुधारक रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केलं. कागदावर. घरांतल्या नजरा ओलांडून पाण्याला हात लावायला कुणी धजलं नाही. मुसलमान, ख्रिस्ती तिथलं पाणी घेत, गुरं पीत. १९२७ च्या मार्चात इथे भरलेल्या पहिल्या परिषदेसाठी मात्र चाळीस रुपयांचं पाणी विकत आणावं लागलं होतं. २० तारखेला हजारो माणसं रांगेने तळ्यावर गेली, प्यायली आणि परतली. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली, लाठ्या निघाल्या, जेवणाच्या पंगतींवर हल्ले झाले. पुढे दूध, दही, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

अस्पृश्यांना तळ्यावर मनाई व्हावी म्हणून काही सवर्णांनी लावलेला दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ ला निकाल आपल्या बाजूने लागला. लहानपणापासून मी हा विजय म्हणून ऐकत आले. निकालाचा आधार नंतर वाचला, तेव्हा जरा चरकले. माणसाला पाण्याचा हक्क आहे, या मुद्द्यावर तो उभा नाही. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून ते हरले. रूढी पुरेशी जुनी ठरली असती तर?

पायऱ्यांवर काकूंना टेकू देत होते, तेव्हा त्यांनी साडीचा काठ घोट्यापाशी नीट केला. "हे पण इथलंच," म्हणाल्या. डिसेंबरच्या परिषदेनंतर बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले होते. जात अंगावर दिसते ती लुगडं आखूड नेसण्यावरून आणि अंगावरच्या जाडजूड दागिन्यांवरून, त्या खुणा टाका, असा त्याचा मथितार्थ. सत्याग्रहातले सवर्ण सहकारी चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायकांनी त्यांना पायघोळ नेसायला शिकवलं. काकूंच्या आजेसासूबाई दासगावच्या बाजूच्या. त्या सभेत त्या होत्या की नाही, काकूंना माहीत नाही. "पण मरेपर्यंत लुगडं घोट्याच्या वर जाऊ दिलं नाही तिने. चिखलात भात लावताना सुद्धा. सासू ओरडायची, भिजतंय म्हणून. ती म्हणायची, भिजू दे."

शेवटच्या पायरीवर काकूंनी ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, प्यायल्या. मग माझ्याकडे बघितलं. पाणी हिरवट होतं, कडेला शेवाळ. माझ्या बॅगेत सीलबंद बाटली. माझ्या मनात फक्त पोटाचा विचार होता, खरंच. पण हात पाण्यापाशी अडला होता आणि शेजारी उतरलेलं पांढरी टोपी घातलेलं पोरगं माझ्याकडे टक लावून बघत होतं. मी ओंजळ भरली. चव मातकट.

काकूंनी बाटली पुढे केली. "भर. वर्षभर पुरवते मी."

संध्याकाळच्या गाडीत बाटली माझ्या मांडीवर होती. झाकणाचा आटा गेलेला. दासगाव येईपर्यंत माझी ओढणी ओली झाली.

"सरळ धर गं," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "अजून कोलाड यायचंय."