बंद दारासमोरचे बारा सेकंद

तीन वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी मिळून नऊ मिनिटांचा एक थरारपट केला. कथा साधी होती. एकटी राहणारी स्त्री रात्री उशिरा घरी परतते आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात येते, की दाराबाहेर कोणीतरी उभे आहे. संकलनाचे काम माझ्याकडे होते. पहिले संकलन आम्ही सात-आठ परिचितांना दाखवले आणि ज्या क्षणी त्यांनी श्वास रोखून धरावा अशी आमची अपेक्षा होती, नेमक्या त्याच क्षणी त्यांच्यातल्या एकाने शांतपणे मोबाइल काढून किती वाजले ते पाहिले. त्या प्रसंगात अंधार होता, निळसर प्रकाश होता, कॅमेरा किंचित तिरका होता आणि पार्श्वसंगीतात खर्जातला एक सूर अखंड घुमत होता. थरारपटात जे जे असते अशी आमची समजूत होती, ते ते सगळे आम्ही त्यात भरले होते. वातावरण तेवढे तयार झाले नव्हते.

त्यानंतर कित्येक आठवडे मी एकच उद्योग केला. कोएन बंधूंच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (२००७) या चित्रपटातला हॉटेलच्या खोलीतला प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला. आधी आवाज बंद करून, मग पडद्याकडे पाठ करून, आणि शेवटी कागद-पेन्सिल घेऊन एकेक कट मोजत. पैशांची बॅग घेऊन पळालेला माणूस पलंगावर बसला आहे. नोटांच्या गड्डीत दडवलेले, माग देणारे यंत्र त्याला नुकतेच सापडले आहे. म्हणजे मारेकरी इथवर येणार हे त्यालाही कळले आहे आणि आपल्यालाही. तो खालच्या काउंटरला फोन लावतो. घंटा रिसीव्हरमधून ऐकू येते आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावरूनही अगदी पुसटशी ऐकू येते, पण फोन कोणी उचलत नाही. खोलीतला दिवा मालवल्यावर उजेड उरतो तो फक्त दाराखालच्या फटीतून येणाऱ्या पट्टीचा. त्या पट्टीत दोन पायांच्या सावल्या येऊन थांबतात, काही वेळाने बाजूला सरकतात, आणि ‘सुटलो’ असे वाटण्याइतकी उसंत मिळते न मिळते तोच बाहेरचा दिवा विझतो आणि पट्टीही नाहीशी होते.

पडद्याकडे पाठ करून ऐकत असताना मला पहिल्यांदा त्या फोनचे महत्त्व कळले. काउंटरवरच्या माणसाचे काय झाले हे दिग्दर्शकांनी दाखवलेले नाही, कोणाच्या तोंडून सांगितलेलेही नाही. न उचललेल्या फोनची घंटा ते काम करते. ती घंटा दोन ठिकाणांहून ऐकू येत असल्यामुळे अंतराचाही अंदाज येतो, की संकट एक जिना खाली आहे. एकही वाक्य न बोलता, पार्श्वसंगीताचा एकही सूर न वापरता आणि मारेकऱ्याचा चेहरा न दाखवता प्रेक्षकाच्या मनात त्या हॉटेलचा सगळा नकाशा उभा राहतो. आमच्या नऊ मिनिटांत असा नकाशाच नव्हता. दाराबाहेर काय आहे, ते किती जवळ आहे आणि त्याची भीती का वाटावी, यातले काहीही प्रेक्षकाच्या हाती न देता आम्ही त्याच्याकडून घाबरण्याची अपेक्षा करीत होतो.

ही गोष्ट नवी नाही, हे मला ठाऊक आहे. थरारपटांसाठी प्रसिद्ध असलेला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचे जे उदाहरण दिले, ते चित्रपटाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. दोन माणसे गप्पा मारत असताना अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. बॉम्ब आणि घड्याळ आधीच दाखवले, तर त्याच गप्पा त्याला पंधरा मिनिटे खुर्चीला खिळवून ठेवतात. या उदाहरणातल्या बॉम्बबद्दल सगळेच बोलतात, पण मला त्यातल्या गप्पा अधिक महत्त्वाच्या वाटतात. त्या जितक्या कंटाळवाण्या, तितका ताण अधिक. बॉम्ब ठाऊक असलेला प्रेक्षक प्रत्येक निरर्थक वाक्याला मनातल्या मनात ओरडून उत्तर देत असतो. म्हणजे वातावरण पडद्यावर रंगवून ठेवता येत नाही. ते प्रेक्षक स्वतः तयार करतो, आणि त्यासाठी त्याला लागणारी एखादी माहिती व पुरेसा वेळ एवढेच आपण पुरवायचे असते.

दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हल’ची (१९५८) सुरुवात याच कारणासाठी पुन्हा पाहण्यासारखी आहे. पहिल्याच क्षणी एक हात टाइम बॉम्बची चावी फिरवतो, तो बॉम्ब एका गाडीच्या डिकीत ठेवला जातो, आणि मग क्रेनवरचा कॅमेरा तीन मिनिटांहून अधिक काळ एकही कट न घेता गर्दीच्या रस्त्यांवरून त्या गाडीच्या आगेमागे फिरत राहतो. गाडी फ्रेमबाहेर जाते, परत येते, पायी चाललेल्या एका जोडप्याच्या बाजूला थांबते, पुन्हा पुढे जाते. कट न घेण्यामागे नुसते कौशल्य मिरवणे नाही. कट म्हणजे काळाला कात्री लावण्याची सोय, आणि ती सोय काढून घेतल्यावर बॉम्बचे घड्याळ आणि प्रेक्षकाचे घड्याळ एकच होते.

या शॉटची ध्वनीच्या अंगाने एक वेगळीच हकिगत आहे. मूळ प्रदर्शनाच्या वेळी स्टुडिओने त्यावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचे संगीत चढवले होते. १९९८ मध्ये, वेल्सने स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी टिपणाच्या आधारे संकलक वॉल्टर मर्चने चित्रपटाचे पुन्हा संकलन केले, तेव्हा नावे गेली, वरून लावलेले संगीत गेले आणि त्या जागी रस्त्यावरच्या दुकाना-क्लबांतून झिरपणारे आणि त्या गाडीच्या रेडिओवरचे संगीत आले. मॅन्सिनीच्या संगीतातला ठेका घड्याळासारखा वाजतो आणि तो आवडणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. मलाही तो आवडतो. परंतु नव्या ध्वनिपट्टीत एक जादा गोष्ट घडते. गाडी डोळ्यांआड असतानाही रेडिओचा आवाज जवळ आला की प्रेक्षकाला कळते, बॉम्ब जवळ आला आहे. डोळे त्या जोडप्याबरोबर चालत असतात आणि कान बॉम्बच्या मागावर असतात. मूळ संगीताने ताण सांगितला होता. रेडिओ तो शोधायला लावतो.

श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’मध्ये (२०१८) हीच गोष्ट उलट्या बाजूने साधली आहे. आंधळ्याचे सोंग घेतलेला पियानोवादक वाजवत असताना त्याच्या डोळ्यांदेखत मृतदेहाची विल्हेवाट लावली जाते. त्याला दिसते हे आपल्याला ठाऊक आहे, समोरच्यांना नाही. आणि सुरावट अडखळली तर सोंग उघडे पडेल. त्यामुळे एरवी भावना भडकवण्यासाठी जे पार्श्वसंगीत वापरतात, तेच इथे जीव टांगलेली दोरी होऊन बसते.

प्रकाशयोजनेबद्दल मी जरा तक्रारीच्या सुरात लिहिणार आहे, कारण गेल्या काही वर्षांतले अनेक थरारपट पाहताना पडद्यावर काय चालले आहे हेच मला दिसत नाही. अंधार म्हणजे भीती, हे समीकरण फार अर्धवट आहे. डेव्हिड फिंचरच्या ‘सेव्हन’च्या (१९९५) काही प्रिंटांवर ‘ब्लीच बायपास’ जातीची प्रक्रिया केली होती. फिल्म धुताना एरवी काढून टाकली जाणारी चांदी त्या प्रक्रियेत फिल्मवर ठेवली जाते, त्यामुळे काळा रंग अधिक गडद होतो आणि बाकीचे रंग मलूल पडतात. त्या काळ्या रंगात टॉर्चचे झोत आणि खिडकीतला मळकट उजेड उठून दिसावा, ही त्यामागची दृष्टी होती. नंतरच्या अनुकरणांनी काळा रंग उचलला आणि उजेड विसरले. काळोखात प्रेक्षकाच्या नजरेला धरून ठेवणारे काहीतरी लागते, मग ती दाराखालची दोन बोटे रुंदीची पट्टी का असेना.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण हिचकॉकच्याच ‘सस्पिशन’मध्ये (१९४१) आहे. नवरा बायकोसाठी दुधाचा पेला घेऊन जिना चढतो आहे, आणि त्या दुधात विष असावे असा संशय आहे. जिन्यावर सावल्यांचे जाळे पसरलेले आहे, पण नजर जाते ती पेल्यावर, कारण दूध उजळून दिसावे म्हणून हिचकॉकने पेल्याच्या आत चक्क छोटा दिवा ठेवला होता. फ्रेममधली सर्वांत भीतिदायक वस्तू हीच सर्वांत उजळ वस्तू आहे. मी हा शॉट पाहतो तेव्हा मला नेहमी वाटते, की आजच्या एखाद्याने तो पेलाही अंधारात बुडवला असता आणि वर एक घुमणारा सूर लावला असता.

लेन्सच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही. वाइड लेन्सने बोळ लांबतो, दूरचे जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सने मागचा माणूस पाठीशी येऊन उभा राहिल्यासारखा वाटतो, आणि पात्राच्या मागे विनाकारण रिकामी जागा सोडली की प्रेक्षक ती जागा आपोआप भरायला लागतो. यातली रिकामी जागा फुकट मिळते आणि तीच सर्वांत कमी वापरली जाते. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’तली (१९५८) कॅमेरा मागे नेत झूम पुढे करण्याची युक्ती मात्र आता इतकी झिजली आहे, की ती दिसली की मला भोवळ येण्याऐवजी ट्रॉली ढकलणारा माणूस आठवतो.

संगीत हे प्रेक्षकाला दिलेले वचन असते, हे ‘जॉज’ने (१९७५) फार हुशारीने वापरले आहे. जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर वाजले की शार्क आली, हे आपण शिकतो. मग दोन पोरे शार्कच्या पाठीवर असतो तसा खोटा पर लावून पोहणाऱ्यांची त्रेधा उडवतात, तेव्हा संगीत वाजत नाही आणि पुढे आपली फजिती कळते. म्हणजे संगीत खोटे बोलत नाही, यावर आपला विश्वास पक्का बसतो. त्यानंतर बोटीवरून पाण्यात आमिष टाकले जात असताना शार्क एकाएकी तोंड वर काढते, आणि त्या वेळी ते दोन स्वर आधी वाजलेले नसतात. हा धक्का त्या क्षणापुरता घडवलेला नाही. त्याची पेरणी चित्रपटभर चालू होती.

संकलनातला असाच विश्वासघात ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’मध्ये (१९९१) आहे. (ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) एकीकडे पोलिसांनी एका घराला वेढा घातलेला दिसतो, दुसरीकडे तळघरात खुनी दिसतो, बाहेर बेल दाबली जाते, आत घंटा वाजते. दोन शॉट लागोपाठ आले की ते एकाच ठिकाणचे असतात, ही सवय आपल्याला चित्रपटांनीच लावलेली आहे. दार उघडते तेव्हा बाहेर एकटी नायिका उभी असते, आणि सगळी फौज दुसऱ्याच, रिकाम्या घरासमोर असते. आपल्याशी कोणी खोटे बोललेले नसते. आपणच दोन चित्रे जोडून एक घर बांधलेले असते.

एवढे सगळे पाहून झाल्यावर मी आमची फाइल पुन्हा उघडली. आमच्याकडे एक साडेतीन सेकंदांचा शॉट होता: दोन्ही हातांत पिशव्या असलेली ती स्त्री खांद्याने दार ढकलून आत जाते, दार बंद होते, आणि किल्ल्यांचा जुडगा बाहेरच्या बाजूला कुलपातच डुलत राहतो. पहिल्या संकलनात हा शॉट आम्ही उलगडा म्हणून शेवटी ठेवला होता, आणि त्या कल्पनेवर आम्ही बेहद्द खूश होतो. तो उचलून मी सुरुवातीला आणला. त्यामुळे पुढची चार-पाच मिनिटे, ज्यांत ती पाणी पिते, कपडे बदलते, फोनवर कोणाशी तरी हसत बोलते, ती एक फ्रेमही न बदलता वेगळीच दिसू लागली.

मग दाराचा शॉट. तो मी चार सेकंदांचा ठेवला होता. सुदैवाने चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यामागच्या मित्राला ‘कट’ ऐकू आले नव्हते, त्यामुळे मूळ शॉट चांगला लांब निघाला आणि बारा सेकंद वापरता आले. खर्जातला सूर पूर्ण काढून टाकला. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करून खाली अंथरली, इतकी हलकी की ती आहे हे कोणाच्या लक्षातही येऊ नये. नवव्या सेकंदाला फ्रिज बारीकसा हिसका देऊन बंद पडतो, आणि तो बंद पडल्यावरच इतका वेळ तो चालू होता हे जाणवते. अकराव्या सेकंदाला बाहेरून किल्ल्यांचा किण् असा आवाज येतो.

दुसऱ्यांदा दाखवताना तोच मोबाइलवाला मित्र मुद्दाम बोलावला होता. पाचव्या मिनिटाला, ती फोनवर हसत असताना, तो शेजारच्याला बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाला, “अरे, हिला कोणीतरी सांगा ना, किल्ली बाहेर राहिली आहे!” निळसर प्रकाश मात्र चित्रपटात अजून तसाच आहे; तो काढायला आमच्याकडे वेळ उरला नव्हता.