चेनच्या अलीकडे

तंबूला कडी नसते. टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिण टोकाला असलेल्या एन्डुटूच्या बाभूळबनात पहिल्या संध्याकाळी ही गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि पुण्याच्या घरात रात्री दोनदा उठून लॅच लागले आहे का ते पाहणाऱ्या माणसाला ती जितकी अस्वस्थ करेल तितके तिने मला केले. तंबूत पलंग होता, त्यावर पांढरीशुभ्र चादर होती, उशाशी सौरऊर्जेवरचा दिवा होता, मागच्या बाजूला पडद्याआड न्हाणीही होती. मात्र हे सगळे आणि बाहेरची आफ्रिका यांच्यामध्ये एक जाड कॅनव्हासचे कापड आणि एक चेन, एवढेच काय ते होते.

आमच्या वाटाड्याने समजूत घातली, की सिंहाच्या लेखी बंद तंबू म्हणजे एखादा मोठा दगड असतो, त्याच्या आत काही खाण्याजोगे असेल असे त्याच्या मनात येत नाही. चेन मात्र पूर्ण लावायची, रात्री खाण्याचा पदार्थ आत ठेवायचा नाही, आणि अंधार पडल्यावर पहारेकऱ्याला बोलावल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचे नाही. चेनच्या दोन टोकांना अडकवायला एक छोटासा आकडा होता. तो सिंहासाठी नसून माकडांसाठी आहे, कारण त्यांना चेन उघडता येते, हे त्याने जाता जाता सांगितले. सकाळी बूट झटकून मग घालायचे, ही शेवटची सूचना विंचवांच्या संदर्भातली होती.

विंचवावरून आठवले, हा सगळा तळच ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या जातीचा होता. डिसेंबर ते मार्च तो एन्डुटूला असतो आणि पुढे विल्डबीस्ट या हरणवर्गातल्या दांडग्या प्राण्यांच्या कळपांमागोमाग उत्तरेकडे सरकतो. या प्राण्यांची संख्या सुमारे तेरा लाख. गोरोंगोरोच्या परिसरातल्या ज्वालामुखींनी उधळलेली राख या मैदानांवर पसरलेली आहे. त्या मातीत झाडे फारशी तग धरत नाहीत, पण पावसानंतर येणारे आखूड गवत कॅल्शियम आणि फॉस्फरस यांनी भरलेले असते. दूध पाजणाऱ्या आयांना तेच हवे असते, म्हणून जानेवारी संपता संपता हे कळप इथे विण्यासाठी जमतात. आम्ही गेलो तो फेब्रुवारी होता, म्हणजे बाळंतपणाचा ऐन हंगाम.

संध्याकाळी तंबूमागून आवाज आला, “माजी तयारी!” माजी कोण, या विचारात मी क्षणभर पडलो. स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी, आणि तयारी म्हणजे आपले तयारच. वीसेक लिटर गरम पाणी एका पिशवीत ओतून ती तंबूमागे उंच टांगलेली होती. साखळी ओढली की पाणी येते, पिशवी रिकामी झाली की स्नान संपले. शॉवरखाली पाऊण पाऊण तास उभ्या राहणाऱ्या मंडळींना याची धास्ती वाटत असावी. बंबातून काढलेल्या एका बादलीत केसांसकट अंघोळ उरकण्याच्या संस्कारात वाढलेल्या मला मात्र शेवटी पाणी उरले, याचा थोडा अभिमानच वाटला. पुढे मला कानाने शब्द वेचण्याचा नादच लागला. गाडीला ‘गारी’, बातमीला ‘हबारी’, सरकारला ‘सेरिकाली’, आणि ज्या तंबूत मी बसलो होतो तो ‘हेमा’, म्हणजे हिंदीतला खेमाच. सफारी हा शब्दही तिथे साध्या प्रवासासाठी वापरतात. अरुशाला जाणारी एसटीसारखी बसही सफारीवरच निघालेली असते.

या भाषाज्ञानाने एकदा दगा दिला. रात्री तंबूपर्यंत सोबत करणारा पहारेकरी, म्हणजे ‘अस्कारी’, तांबडी चौकड्यांची शुका पांघरलेला, एका हातात भाला आणि दुसऱ्यात विजेरी घेतलेला मसाई तरुण होता. मला तो ‘म्झे’ म्हणून हाक मारी. हा आदरार्थी शब्द वडीलधाऱ्यांसाठी आहे हे कळल्यावर, बसमध्ये पहिल्यांदा कुणी आपल्याला ‘आजोबा, बसा’ म्हणते तेव्हा वाटते तसे काहीतरी मला वाटले. उद्या किती वाजता उठवणार, असे विचारल्यावर तो म्हणाला, “सा कुमी ना मोजा.” कुमी म्हणजे दहा, मोजा म्हणजे एक, अकरा वाजता! मी निर्धास्त झोपलो. पहाटे पाचला कापडाबाहेरून “होडी?” असा हलका आवाज आला. होडी ही ‘आत येऊ का’ अशा अर्थाची हाक. थाप मारायला दार नसेल तिथे यापेक्षा सोयीचे काही नाही. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र वर्षभर जवळजवळ सारखीच असल्याने स्वाहिलीत तास सूर्योदयापासून आणि सूर्यास्तापासून मोजतात, त्यामुळे आपले पाच म्हणजे त्यांचे अकरा. आपल्याकडच्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजल्या जात, हे मला गाडीत बसल्यावर आठवले, तोवर चहा हुकला होता.

पण मला सांगायचे आहे ते तिसऱ्या रात्रीचे. दिवसा उघड्या छताच्या गाडीतून आम्ही पुष्कळ पाहिले, त्याचे फोटोही आहेत. रात्री मात्र डोळ्यांना काही काम नसते. कळप तळापाशी आला होता आणि उशीपासून हातभर अंतरावर, कापडाच्या पलीकडे, कुणीतरी चरत होते. गवत ओठांनी धरल्याचा, मग हिसका देऊन तोडल्याचा, मग दाढांखाली रगडल्याचा, असे तीन वेगवेगळे आवाज ऐकू येत होते. मधूनच एक सुस्कारा, मधूनच पोटातली गुडगुड. आजोळी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत झोपताना असेच ऐकू येई. मला बरे वाटू लागले होते. एवढ्यात लांबवर सिंह ओरडला. त्याची गर्जना आठ किलोमीटरपर्यंत ऐकू येते असे वाटाड्याने सांगितले होते, म्हणून मी मनाशी ते सात-आठ किलोमीटर धरून टाकले. पण बाहेरच्याने तसे धरले नव्हते. त्याचे चरणे थांबले. तोंडातला घास तोंडात ठेवून तो उभा असावा, कारण चावण्याचाही आवाज येईना. मीही श्वास धरून पडलो होतो. त्या गर्जनेपेक्षा ही शांतता फार जवळची होती.

“अहो,” अंधारातून सौभाग्यवतींचा आवाज आला, “चेन नीट लावलीय ना?”

मी दोनदा पाहिले होते, तिसऱ्यांदा पाहिले. बऱ्याच वेळाने बाहेर एक घास तुटला, मग दुसरा, आणि केव्हातरी आम्हाला झोप लागली.

आम्ही निघालो त्याच दिवशी आमच्या रांगेतले तंबू उतरवायला सुरुवात झाली. ट्रकमध्ये पलंग चढले, गाद्या चढल्या, पाण्याची रिकामी पिशवी चढली. आमच्या तंबूचे ताणे सोडण्याआधी एक मुलगा दाराशी उकिडवा बसला, आत कुणी नाही हे डोकावून पाहिले, आणि खालपासून वरपर्यंत चेन लावून त्याने तो आकडा अडकवला. मग कापड खाली बसले.