यादीतली बाकीची नावं

मी सरकारी कर्मचाऱ्यांच्या केसेस चालवते, त्यामुळे माझा बराचसा दिवस मॅटमध्ये जातो, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मंत्रालयाच्या जवळच. बदली, बढती, निलंबन, डीई म्हणजे विभागीय चौकशी, सगळंच असतं पण माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात त्या रिकव्हरीच्या केसेस. होतं काय की पगार किती बसतो ते ऑफिसच ठरवतं, ऑफिसच वर्षानुवर्षं देतं, आणि माणूस निवृत्तीला आला की सेवापुस्तक वेतन पडताळणीला जातं, तिथे आक्षेप निघतो की पंधरा-सतरा वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकली होती, मग सगळ्या फरकाची बेरीज मारून त्या माणसाला सांगतात की भरा.

ही केस एका सरकारी दवाखान्यातल्या कक्षसेविकेची. वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणायचे, मीपण तेच म्हणायला लागले. मावशी 1994 ला बदली कामगार म्हणून लागल्या, 1997 ला कायम झाल्या. तेव्हा बारा वर्षांच्या सेवेनंतर जो कालबद्ध पदोन्नतीचा, आता आश्वासित प्रगती म्हणतात तो, लाभ मिळायचा तो ऑफिसने बदलीची तीन वर्षं धरून 2006 ला देऊन टाकला. नियमाने कायम झाल्यापासून मोजून 2009 ला द्यायला हवा होता. तीन वर्षं लवकर दिला आणि पुढचं सगळं गणित त्याच्यावरच चढत गेलं, महिन्याला म्हटलं तर फरक थोडासाच. मावशींना यातलं काही माहीत असायचं कारणच नाही, त्यांना पगाराच्या दिवशी किती जमा झाले तेवढंच कळायचं.

मावशी गट ड च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या गटातल्या. गट ड चे कर्मचारी साठाव्या वर्षी रिटायर होतात, मावशींचे सात-आठ महिने राहिले होते तेव्हा आक्षेप आला. एक लाख शहाऐंशी हजार वसूल करायचे, महिन्याला बारा हजार कापायचे, उरलेले ग्रॅच्युइटीतून. नोटीस नाही, तुमचं म्हणणं काय ते विचारणं नाही. मावशींना कळलं ते बँकेच्या मेसेजवरून, पगार कमी आला म्हणून त्या ऑफिसात विचारायला गेल्या तेव्हा त्यांच्या हातात ऑर्डर दिली. आधीच सोसायटीच्या कर्जाचा हप्ता जात होता, त्यात हे. मला भेटायला आल्या तेव्हा पगाराच्या स्लिपा पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, ताई यात मी कुठे काय लबाडी केली ते मला दाखवा. मी म्हटलं मावशी तुम्ही काही केलेलं नाही, पण हे मी म्हणून चालत नाही, ते ऑर्डरमध्ये यायला हवं.

कायदा या बाबतीत खरंतर खूप स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 ला पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या केसमध्ये अशी वसुली कधी करता येणार नाही ते पाच मुद्द्यांत सांगून ठेवलंय. चूक ऑफिसची असेल, कर्मचाऱ्याने काही लपवलेलं किंवा खोटं सांगितलेलं नसेल, तर गट क आणि ड कडून वसुली नाही, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून नाही, जास्तीचे पैसे पाच वर्षांपेक्षा जास्त काळ दिले असतील तरी नाही, आणखी दोन मुद्दे आहेत. मावशी पहिल्या तिन्हींत बसत होत्या! पहिल्याच तारखेला अंतरिम स्थगिती मिळाली पण तोवर दोन महिन्यांचे पैसे कापून झाले होते.

फायनल हिअरिंगच्या दिवशी आमचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर लागला. मावशी नाइट करून तशाच आल्या होत्या, मागच्या बाकावर बसल्या. सरकारकडून पीओ, म्हणजे सरकारची बाजू मांडणारे प्रेझेंटिंग ऑफिसर, उभे राहिले, त्यांच्या मागे ऑफिसच्या आस्थापना शाखेतल्या एक क्लार्क ताई फाइल धरून. पीओंचा सगळा भर हमीपत्रावर. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी 2009 ला सगळ्यांकडून विकल्पाबरोबर लिहून घेतलं होतं की जास्त पैसे दिले गेले असतील तर ते परत करीन. त्यावर मावशींची सही होती. आणि सर्वोच्च न्यायालयाने 2016 ला जगदेव सिंग केसमध्ये हमीपत्र दिलेल्याकडून वसुली चालेल असं म्हटलंय, तेही खरं आहे. मी सांगितलं की ते जगदेव सिंग न्यायिक अधिकारी होते, काय लिहून देतोय ते त्यांना कळत होतं, आणि त्यांची चूक ज्या वेतनसुधारणेत झाली तिच्याच वेळी त्यांनी हमी दिली होती. इथे चूक 2006 ची, कालबद्ध लाभाची, आणि हमीपत्र 2009 चं, सहाव्या आयोगाच्या वेतननिश्चितीपुरतं. त्या निश्चितीत चूक आहे असं सरकारच म्हणत नाही, मग त्या कागदाचा इथे काय संबंध.

मॅटमध्ये केस ऐकणाऱ्या सदस्य साहेबांनी ऐकून घेतलं आणि पीओंना एकच विचारलं, या बाईंनी ऑफिसला काही चुकीची माहिती दिली होती का? पीओ मागे वळले, इन्स्ट्रक्शन घ्यायला. क्लार्क ताईंनी फाइल उघडलीच नाही. त्या सरळ म्हणाल्या, नाही सर, त्यांनी काहीच दिलं नव्हतं, फिक्सेशन आमच्याच शाखेत झालंय, चूक आमच्याकडची आहे. मी इतक्या हिअरिंग्ज बघितल्यात पण ऑफिसचा माणूस असं सगळ्यांसमोर सरळ बोलताना फार कमी वेळा ऐकलंय, नाहीतर ‘रेकॉर्ड तपासून सांगतो’ आणि पुढची तारीख.

ऑर्डर तिथेच डिक्टेट झाली. वसुलीचा आदेश रद्द, कापलेले पैसे दोन महिन्यांत परत. पगार मात्र दुरुस्तच राहणार आणि पेन्शन त्या दुरुस्त पगारावर बसणार, हे मी मावशींना आधीच समजावलं होतं तरी बाहेर आल्यावर त्यांनी परत विचारलं, म्हणजे पेन्शन थोडी कमी? मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, बसू दे, जी बरोबर असेल ती बसू दे, मागचं खाल्लेलं काढू नका एवढंच म्हणत होते मी. आणि व्हीटीला जायला बस कुठून मिळेल विचारून निघून गेल्या, घरी जाऊन झोपायचं होतं त्यांना.

मी कागद आवरत होते तेवढ्यात त्या क्लार्क ताई आल्या. म्हणाल्या, मॅडम, आमच्या रिप्लायला जी यादी जोडलीय ना, त्यात नऊ नंबर माझा आहे.

ती यादी मी किती वेळा वाचली होती, मावशींच्या नावासाठी. एकाच पडताळणीत निघालेल्या आक्षेपांची चौदा नावं, सगळी गट क आणि ड ची. कोर्टात आलं त्यातलं एकच नाव. बाकी तेरा जणांचे पैसे दर महिन्याला कापले जात होते आणि या ताई स्वतःच्याच कपातीची नोंद बिलात घालत होत्या, कारण बिलं त्यांच्याच टेबलावर. मी विचारलं तुम्ही का नाही आलात इतके दिवस, तर म्हणाल्या, मी आस्थापनेला बसते, मीच ऑफिसच्या विरुद्ध केस घातली तर मला तिथे ठेवतील का?

यावर मला खूप राग येतो, ताईंवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 लाच अरविंद कुमार श्रीवास्तव केसमध्ये सांगितलंय की एका कर्मचाऱ्याला कोर्टाने दिलासा दिला की तशाच परिस्थितीतल्या बाकीच्यांनाही तो द्यायचा, कोर्टात आले नाहीत म्हणून वेगळं वागवायचं नाही. म्हणजे आजची ऑर्डर ऑफिसात पोचली की ऑफिसने आपणहून बाकीच्या तेरा जणांची कपात थांबवायला हवी, त्यासाठी कोणी वकील लावायची गरजच नाही. प्रत्यक्षात ऑर्डरची अंमलबजावणी ज्याचं नाव वर आहे तेवढ्यापुरती होते, आणि बाकीच्यांना सांगतात तुम्हीपण ऑर्डर आणा. आता गट ड च्या माणसाने वकिलाची फी, रजा, हेलपाटे हे सगळं करायचं, जो कायदा त्याच्या बाजूने कधीच ठरलाय त्याच्यासाठी! बरं त्याच निकालात असंही आहे की जो वर्षानुवर्षं गप्प बसला आणि दुसरा जिंकल्यावर जागा झाला त्याला हा फायदा मिळेलच असं नाही. म्हणून मी ताईंना म्हटलं थांबू नका.

मावशींच्या ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी आल्यावर मी एक साधा मराठी अर्ज करून दिला, आम्हीही त्याच यादीत, त्याच गटात, चूक त्याच प्रकारची, सोबत ऑर्डर जोडली आहे, कपात थांबवा आणि कापलेलं परत द्या. ताईंनी तो यादीतल्या सगळ्यांपर्यंत पोचवला. काहींनी दिला, पोच घेतली. काहींनी घाबरून दिलाच नाही, एकजण तर आता गावी राहायला गेलेत. ऑफिसने अर्जांना उत्तर दिलेलं नाही. ताईंनी मात्र स्वतःच्या नावाने ओए, म्हणजे मॅटमधला मूळ अर्ज, टाकलीय, स्थगिती मिळालीय.

ज्यांनी अजून काहीच केलेलं नाही त्यांनी निदान वसुलीच्या ऑर्डरची तारीख बघून ठेवा, मॅटमध्ये यायला तिथून एक वर्ष मोजतात, आणि ऑफिसात दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासकट घ्या.