कसारा घाट: शेवटच्या डब्यामागची इंजिनं

पहिली चूक आम्ही कसाऱ्याला उतरल्या उतरल्याच केली. लोकलमधून उतरून मी आणि भाचा तडक इगतपुरीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिलो. डाऊन, म्हणजे मुंबईहून निघालेली, एक्स्प्रेस आली, थांबली, पुढचं इंजिन डोळे भरून पाहिलं. आणि ज्यासाठी आलो होतो ते काम प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला उरकून गाडी निघूनही गेली. बँकर, म्हणजे घाट चढायला गाडीला रेटणारं जादा इंजिन, मागे लागतो! तेव्हा कसाऱ्याला उतरलात की मुंबईच्या बाजूच्या टोकाला चालू लागा, वडापाव नंतर.

कसारा ते इगतपुरी अंतर जेमतेम १४ किलोमीटर, पण चढ ३७ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रस्त्यावर हा चढ गाडीला जाणवतही नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक म्हटलं की तोच चढ भिंतीसारखा होतो. सोपा हिशोब करा: २००० टनांची मालगाडी या चढावर असेल, तर नुसत्या उतारामुळे तिला मागे खेचणारं बळ २००० भागिले ३७, म्हणजे ५४ टनांचं. इथली बहुतेक बँकर इंजिनं डब्ल्यूएजी-७ जातीची, प्रत्येक ५००० अश्वशक्तीचं आणि १२३ टन वजनाचं. अशा एका इंजिनाची सुटतानाची ओढ ४० टनांच्या थोडी वर. म्हणजे एकट्याच्या बसची बात नाही. वर वळणं आहेत, बोगद्यात ओल आहे, पावसात चाक घसरतं, मग चाकापुढे वाळू सोडावी लागते.

‘मग सगळी इंजिनं पुढेच का नाही लावत, मामा?’ भाच्याचा प्रश्न रास्त होता. कारण पहिल्या वाघिणीच्या (मालडब्याच्या) कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर, अख्ख्या गाडीचा भार येतो. मागून रेटलं की तो वाटला जातो. शिवाय मधेच कपलिंग तुटलं, तर सुटलेले डबे उताराला लागण्याआधी मागचं इंजिन त्यांना धरून ठेवतं. मला तर हे दुसरं कारणच जास्त पटतं.

दुसऱ्या खेपेला मात्र चुकलो नाही. कंटेनरची मालगाडी होती, पुढे दोन इंजिनं. मागून तीन बँकर एकमेकांना जोडलेले, चालत्या माणसाच्या वेगानं आले. शेवटच्या वाघिणीपासून थोड्या अंतरावर थबकले, मग अगदी अलगद पुढे. खट्ट! कपलरचे जबडे एकमेकांत बसले आणि धक्का कंटेनरांमधून पुढे पुढे गेलेला ऐकू आला. एक जण खाली उतरला, ब्रेकचा रबरी पाइप जोडला, कॉक फिरवला, फुस्स करून हवा भरली. त्यानं हात झटकले आणि बाजूला झाला. खूप वेळानं पुढून शिट्टी, मागून उत्तर. वॉकीटॉकी असली तरी शिट्टी आहेच. गाडी सुटली तेव्हा शेवटची वाघीण आधी हलली, हे भाच्यानं पाहिलं, मी नाही.

हा मार्ग १ जानेवारी १८६५ला सुरू झाला आणि १९३०मध्ये विजेवर आला. तेव्हाच्या मालगाड्यांच्या विजेच्या इंजिनांना लोक ‘खेकडा’ म्हणत. दोन्हीकडे लांब नाक, अंग तीन तुकड्यांत वळणारं आणि चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक उभा आहे. माझ्या लहानपणी इगतपुरीला मुंबईकडची डीसी वीज संपून पुढची एसी सुरू व्हायची, त्यामुळे तिथे प्रत्येक गाडीचं इंजिन बदलायचं आणि तेवढ्यात वडील चहा आणायला उतरायचे. आईचा जीव टांगणीला.

आता जाणाऱ्यांसाठी. मुंबईहून कसारा लोकलला अडीच तासांच्या आसपास लागतात. लोकलचं तिकीट किंवा पास एक्स्प्रेसला चालत नाही, आणि बँकरसाठी थांबणाऱ्या सगळ्याच गाड्यांना प्रवाशांसाठी थांबा नसतो. वेळापत्रकात कसारा असलेली गाडीच धरा, तिचं वेगळं तिकीट काढा आणि शेवटच्या डब्यात बसा. ते जमलं नाही तर स्टेशनाबाहेर नाशिककडे जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या मिळतात, पण मग घाट रस्त्यानं होतो आणि निम्मी मजा गेली. सगळ्याच गाड्यांना बँकर लागतो असंही नाही. २०१९मध्ये सुरू झालेल्या मुंबई–निजामुद्दीन राजधानीला दोन्ही टोकांना इंजिन लावून हा थांबाच वाचवला आहे.

बोगद्यातून चालत जाण्याचे व्हिडिओ पाहून कुणी मोहात पडू नका. विनापरवाना रुळांवर जाणं १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली गुन्हा आहे, आणि वळणावर उताराची गाडी आवाज न करता येते. प्लॅटफॉर्मवर कॅमेरा बाहेर काढण्याआधी मी सरळ आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाला विचारलं. मोबाइल चालेल, मोठी लेन्स नको, असं त्यानं सांगितलं आणि तेवढ्यावर भागलं. पावसाळ्यात धबधबे सुंदर, पण दरड आली की दिवसभर अडकाल. आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो.

शेवटच्या डब्यातून वर जायला आम्हाला अर्धा तास लागला. मागच्या दारातून बँकरचं तोंड इतकं जवळ की काचेमागच्या पायलटचा स्टीलचा डबाही दिसत होता. बोगद्यात त्याच्या घरघरीनं दार थरथरायचं, बाहेर आलं की एकदम मोकळं. एहेगावच्या पुलावर भाच्यानं बोलणंच बंद केलं.

इगतपुरीलाही मुंबईच्या टोकालाच थांबा. बँकर सुटतात, मागे सरकतात आणि खालच्या कामाची वाट बघत उभे राहतात. परत येताना कसाऱ्याला थांबणारी अप, म्हणजे मुंबईकडे जाणारी, गाडी शोधत बसू नका, सरळ कल्याणचं तिकीट काढा. आमच्या गाडीला पाऊण तास उशीर होता, तेवढ्यात तिन्ही बँकर एकमेकांना जोडून मोकळेच घाट उतरून गेले. भाचा त्यांच्यासाठी उठून उभा राहिला होता.