तंजावरला दोन सकाळी

रविवार, 23 नोव्हेंबर, रात्री

जेवणं आटोपल्यावर कालनिर्णय भिंतीवरून काढून पुढ्यात घेतलं. सात दिवसांची रजा मंजूर झालीय. चेन्नई आणि तंजावर, दोनच ठिकाणं. पोंगल उरकला की गाड्यांची गर्दी ओसरते. तिकडचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, तोही संपलेला असेल आणि उन्हाचा कडाका अजून लांब. म्हणून 28 जानेवारी, बुधवार. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत.

अडलंय ते दिवसांच्या वाटणीवर. भाचा चेन्नईत नोकरीला आहे, उतरायचं त्याच्याकडेच. फोनवर म्हणाला, "मावशी, आजीला घेऊन पाच दिवस इथंच राहा. महाबलीपुरम करू, पाँडिचेरी करू. तंजावरचं काय, रात्रीच्या गाडीनं जायचं, दिवसभर बघायचं, रात्रीच्या गाडीनं परत. एका दिवसात होतं." मायेनं बोलला. आजी घरी येणार म्हणून त्याला किती आनंद झालाय, ते आवाजातच कळत होतं. मी "बघू" म्हटलं. आई काहीच बोलली नाही. पण फोन ठेवल्यावर कालनिर्णयाचं पान तिनं स्वतःकडे ओढलं आणि विचारलं, "त्या भिंतीपाशी किती वेळ मिळेल?"

ती भिंत आमच्या घरात आठ वर्षं आहे. एका सहल कंपनीबरोबर आम्ही दक्षिण भारत केला होता, भर मे महिन्यात. तंजावरला बस पोचली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. बृहदीश्वराचं देऊळ दुपारी साडेबाराच्या सुमाराला बंद होतं ते थेट चारला उघडतं, त्यामुळे सगळा गट अक्षरशः पळवला. चपला बाहेर. फरशी अशी तापलेली की माणसं सावलीच्या पट्ट्यावरून उड्या मारत चालली होती. आई मागं राहिली म्हणून मी परत फिरले, तर ती आवाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीशी उभी. पदर डोक्यावर, चष्मा कपाळावर चढवलेला, नाक जवळजवळ दगडाला टेकलेलं. "अगं, हे बाळबोध आहे, देवनागरी. हे मराठी आहे." तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलेली बाई. एकेक अक्षर लावत ती जेमतेम दोन ओळी पुढं सरकली असेल, तेवढ्यात व्यवस्थापकाची शिट्टी वाजली. बसमध्ये बसल्यावर तिनं पाय वर घेतले. दोन्ही तळव्यांना फोड आले होते. त्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली, "पुढचं राहिलं."

मला या वेळी ते राहू द्यायचं नाहीये. बाकी सगळं त्यानंतर.

बुधवार, 26 नोव्हेंबर

दोन दिवस जमेल तसं वाचतेय. भिंतीवरचा तो कोरीव लेख 1803 सालचा, दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला. भोसले घराण्याची अख्खी हकीकत, बखरीसारखी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे 1676 च्या सुमाराला तंजावरच्या गादीवर बसले, तिथून सव्वाशे वर्षं तामिळ मुलखात काढलेल्या घराण्यानं आपली कथा मराठीत लिहिली, तीही राजराज चोळाच्या 1010 सालच्या देवळाच्या आवारात. हे मला ढोबळपणे माहीत होतं. तारखा मात्र कधी शेजारी शेजारी मांडून पाहिल्या नव्हत्या. 1799 च्या तहानं राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, राजांकडे उरला तो किल्ला आणि आसपासचा थोडा भाग. त्यानंतर चार वर्षांनी हा लेख. म्हणजे राज्य हातचं गेल्यावर त्या माणसानं आपलं घराणं दगडात लिहून ठेवलं. आईला हे सांगितलं तर ती पोळी लाटायची थांबली. "मग सावकाश वाचायला हवं," म्हणाली.

याच सरफोजींनी तंजावरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला. नायक राजांच्या काळापासूनचा संग्रह, त्यात संस्कृत, तामिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं, ताडपत्रं, मोडी कागदांचे गठ्ठे. मोडी मला वाचता येत नाही, आईला थोडी येते. मांडून ठेवलेलं तेवढंच बघायला मिळेल, पण त्यालाही निम्मा दिवस हवा. त्याच राजवाड्यात दरबार हॉल आहे आणि चोळ ब्राँझ मूर्तींचं दालन आहे.

मूर्तींवरून आठवलं, चेन्नईचा विचार मी चुकीच्या बाजूनं करत होते. राजधानी म्हणून तिला जास्त दिवस द्यायचे, एवढंच डोक्यात. समुद्र, कपालीश्वराचं देऊळ, दुकानं. आज एग्मोरच्या सरकारी संग्रहालयाबद्दल वाचताना एक गोष्ट हाती लागली. तिरुवेंकाडू नावाचं एक गाव आहे, कावेरीच्या मुखाकडे. त्या एका गावात सापडलेल्या मूर्ती दोन शहरांत विभागल्या गेल्यात. अर्धनारीश्वर चेन्नईच्या संग्रहालयात, आणि वृषभवाहन शिव तंजावरच्या राजवाड्यात. हा शिव 1011 सालचा, म्हणजे मोठं देऊळ पुरं झाल्याच्या पुढच्याच वर्षीचा. डोक्याला सापांचं पागोटं, एक पाय दुसऱ्यावरून सहज टाकलेला, आणि उजवा हात नंदीवर टेकलेला. फक्त नंदी आता नाही. हरवला. हात मात्र तसाच टेकलेला आहे, हवेत. त्याचा फोटो मी किती वेळ बघत बसले होते. हाताखाली काही नाही हे डोळ्यांना पटतच नाही.

आता चेन्नईत काय करायचं ते पक्कं झालं. आधी अर्धनारीश्वर बघायचा, मग त्याच्या गाववाल्याला भेटायला तंजावरला जायचं. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणून ते गुरुवारी. शुक्रवारी सकाळी मैलापूरला कपालीश्वर, आणि दुपारनंतर जॉर्जटाउनमधलं काळिकांबाळचं देऊळ. 1677 च्या दक्षिण स्वारीत महाराज तिथं दर्शनाला आले होते असं तिथं सांगतात. मरीनाला गुरुवारी संध्याकाळी भाचा नेईल, आजीबरोबर वाळूत बसायची त्याची फार इच्छा आहे. महाबलीपुरम या खेपेला नाही. पाँडिचेरी तर नाहीच.

रात्री त्याला फोन केला. चेन्नईच्या तीन रात्री सांगितल्यावर तो गप्प झाला. "दोनच रात्री घरी, तिसरी गाडीत?" त्याला वाईट वाटलं हे कळलं मला. मग आईनंच फोन घेतला. "बाळा, तूच चल की आमच्याबरोबर. शनिवार-रविवार तुला सुट्टी असते ना? मला जिना चढायला हात हवा." तो हसला आणि हो म्हणाला. मला हे आधी का सुचलं नाही!

सोमवार, 1 डिसेंबर

सकाळी आठला आरक्षण उघडलं. साठ दिवसांचा नियम झाल्यापासून एक बरं आहे, फार आधी जीव टांगणीला लागत नाही. पावणेआठपासून फोन हातात, आई शेजारी चहाचा कप धरून, चहा गार. शुक्रवार 30 तारखेची एग्मोरहून उळवन एक्स्प्रेस, रात्री निघून पहाटे तंजावर. उळवन म्हणजे शेतकरी, भाच्यानं सांगितलं. आम्हा दोघींना खालचे बर्थ मिळाले. त्याचं तिकीट वेगळं काढलं, त्याला वरचा मिळाला. आईनं "मिळाले" हे दोनदा विचारून घेतलं.

तर तंजावरला शनिवार, रविवार, सोमवार. भाचा रविवारी रात्री परत जाईल. देवळात दोन सकाळी सहाच्या ठोक्याला, फरशी गार असताना. भिंत फक्त सकाळीच. दुपारी देऊळ बंद असतं त्या वेळात राजवाडा आणि ग्रंथालय. तिथल्या सुट्ट्या आणि वेळा फोन करून विचारायच्या आहेत, हे लाल पेनानं लिहून ठेवलंय. रविवारी माघी पौर्णिमा. त्या संध्याकाळी नुसतं आवारात बसायचं. बाकी काही ठरवलेलं नाही, आणि ठरवणारही नाही.

परतीला मंगळवारी दिवसाची चोळन एक्स्प्रेस. कुंभकोणम, मायिलादुतुरै, सिर्काळी, चिदंबरम असं ती भातखाचरांतून वर येते. त्या दिवसांत तिथं कापणी चालते. सिर्काळी आलं की तिरुवेंकाडू तिथून जवळच. उतरायचं नाही, पण खिडकीतून त्या दिशेला बघेन.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर दिवाणखान्यात माळ्यावरचं सामान पसरलेलं. आईनं शेजारच्या मुलाकडून घडीचं स्टूल खाली काढून घेतलं होतं. ओल्या फडक्यानं पुसलं, बसून पाहिलं, उठून पाहिलं. स्टुलावर सुती मोज्यांचे तीन जोड आणि तिचं भिंग. आणि एक दोनशे पानी वही, कोरी, पहिल्या पानावर तिच्या फळ्यावरच्या अक्षरात तारीख घातलेली: 31 जानेवारी, शनिवार.