दीव शहर सायकलवरून: बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी

दीवहून परतलेल्या बडोदेकरांना काय पाहिले असे विचारले, तर नागव्याचा किनारा, घोघल्याचे पाण्यातले खेळ आणि, आवाज जरा खाली आणून, गुजरातच्या दारूबंदीतून मिळालेली सुटका यांपलीकडे त्यांच्याकडे सांगण्यासारखे फारसे नसते. बेटाच्या पूर्व टोकावर चारशे वर्षांहून अधिक काळ पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिलेले एक तटबंदीचे शहर आहे, आणि ते नीट पाहायला एक सकाळ पुरते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. आम्ही ही सकाळ स्थानिक गाईडसोबत सायकलवरून घालवली. मंडळी चार होती: मी, यजमान, साठी ओलांडलेल्या जाऊबाई आणि कॉलेजात शिकणारा भाचा. चौघांच्या तब्येती आणि आवडी निरनिराळ्या असूनही ही सफर सर्वांना झेपली, म्हणून मागून जाणाऱ्यांना उपयोगी पडेल अशा बेताने हा वृत्तांत लिहीत आहे.

प्रथम सायकलच का, ते सांगते. दीव बेट लांबीला अकरा-बारा किलोमीटर आणि रुंदीला जेमतेम तीन किलोमीटर आहे. जुन्या शहराच्या गल्ल्या मोटारीला अरुंद आहेत, आणि मोटारीतून खाली न उतरता जे दिसते ते पाहण्यासारखे नाही. उलट सगळे पायी पाहायचे म्हटले तर नायडा गुंफा, खुकरी स्मारक आणि किल्ला यांमधले अंतर उन्हात नकोसे होते. भाड्याच्या स्कूटरी जागोजागी मिळतात, परंतु स्कूटरवरचा माणूस थांबत नाही, हे मी तेथेच पाहिले. जमीन जवळपास सपाट असल्यामुळे गिअरच्या सायकलीचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

बडोद्याहून दीव रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास पडते. वासद, तारापूर, वटामण, भावनगर, महुवा, उना असा मार्ग असून रात्रीची स्लीपर बस सर्वांत सोयीची आहे. रेल्वेने जायचे तर वेरावळला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. सोमनाथाचे दर्शन बरोबर होते हा त्यातला फायदा. त्या रस्त्यावर कोडिनार लागते. हा तालुका बडोदे संस्थानाच्या अमरेली प्रांतात होता, आणि सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली त्याच अमरेलीत सुरू केला होता, एवढे जाऊबाईंनी भाच्याला बसमध्ये ऐकवले. उन्याहून घोघला आणि तेथून पुलावरून बेटावर प्रवेश होतो. रात्रभराच्या प्रवासानंतर त्याच सकाळी सायकल चालवण्याचा बेत करू नये. पहिला दिवस किनाऱ्याला द्यावा आणि सफर दुसऱ्या दिवशी ठेवावी.

सफरी साधारणपणे दोन प्रकारच्या मिळतात. एक संपूर्ण बेटाची, पश्चिमेला वणाकबाऱ्यापर्यंत जाऊन परत येणारी. दुसरी जुने शहर आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण किनाऱ्यापुरती, सुमारे तीन तासांची. माझे स्पष्ट मत असे की पहिल्यांदा जाणाऱ्याने लहान सफरच घ्यावी. वणाकबाऱ्याचे मासेमारी बंदर आणि तेथे लाकडी होड्या बांधण्याचे काम पाहण्यासारखे आहे यात शंका नाही, पण तेथवरच्या सरळ रस्त्यावर गाईडला सांगण्यासारखे थोडेच असते. शहरात मात्र गाईड नसेल तर निम्म्या गोष्टी डोळ्यांसमोरून निसटतात. ठरवताना दर विचारालच, परंतु त्याबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात: हेल्मेट आणि पिण्याचे पाणी दरात धरले आहे का, एका गाईडमागे किती माणसे असतील, वाटेत सायकल बिघडली तर बदली मिळेल का, आणि गाईड दीवचाच रहिवासी आहे का. शेवटचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानते. आपल्याला गुजराती येत असल्यामुळे भाषेची अडचण येत नाही; पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांना नेणार असाल तर हिंदीत सांगणारा गाईड आधीच मागून घ्यावा.

सायकल हाती आल्यावर दोन्ही ब्रेक, साखळी आणि सीटची उंची स्वतः तपासावी. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते आणि ब्रेकच्या तारा अचानक ओढ घेतात. आमच्या गाईडने निघण्यापूर्वी बंदरासमोरच्या मोकळ्या जागेत प्रत्येकाला एक फेरी मारायला लावली आणि जाऊबाईंना "बेन, आगळनी ब्रेक धीमे मारजो" (ताई, पुढचा ब्रेक हळू दाबा) असे तीनदा बजावले. पुष्कळ वर्षांनी सायकलवर बसणाऱ्यांनी ही फेरी टाळू नये.

हिवाळ्यात तेथे सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे सातला निघणे योग्य. बंदराच्या रस्त्यावर उभे राहिले की खाडीच्या पाण्यात जहाजासारखा दिसणारा पाणीकोठा, म्हणजे पाण्यातला छोटा किल्ला, नजरेस पडतो. पूर्वी त्याचा तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. तेथून आत वळून आम्ही बाजारातून नगरशेठच्या हवेलीसमोर आलो. चुन्याच्या गिलाव्यातली वेलबुट्टी आणि उठावाचे सिंह पाहिले की दीवच्या व्यापाऱ्यांनी पैसा कुठे कमावला हा प्रश्न आपोआप येतो, आणि त्याचे उत्तर अरबी समुद्राच्या पलीकडे, मोझांबिकमध्ये आहे: येथील वाणी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या तिकडे कापड पाठवत आणि तिकडून हस्तिदंत आणत. पुढच्या मकाता गल्लीत आणि आसपास अशी मोठी घरे बरीच आहेत. त्यांतल्या अनेकांना कुलपे दिसली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज अंमल संपण्याआधी, येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, आणि त्या वाटेने दीवची हजारो माणसे पोर्तुगालला व पुढे इंग्लंडला, विशेषतः लेस्टरला, जाऊन राहिली आहेत. गाईडचा थोरला भाऊही तिकडेच असतो. "दिवाळीला या, मग सगळी दारे उघडी दिसतील," असे तो म्हणाला. या गल्ल्यांत लोक राहतात, हे लक्षात ठेवून ओट्यावर बसलेल्यांचे फोटो विचारूनच काढावेत.

गावाच्या पश्चिमेच्या तटातील झांपा दरवाजा लाल रंगाने रंगवलेला असून त्यावर सिंह, देवदूत आणि एक पाद्री कोरलेला आहे. दरवाजातून सायकल हातात धरून चालत जावे, कारण पलीकडून येणारे वाहन दिसत नाही.

तटाबाहेर थोड्याच अंतरावर नायडा गुंफा लागतात, आणि या सफरीत सर्वांत जास्त वेळ आम्ही तेथे घालवला. गुंफा म्हणताना वेरूळ-अजिंठ्याची अपेक्षा घेऊन कोणी जाऊ नये. मूर्ती नाही, चित्र नाही. खडक उभा-आडवा कापून नेल्यानंतर मागे राहिलेल्या पोकळ्या, त्यांना जोडणाऱ्या वाटा, वर उघडे राहिलेले झरोके आणि त्यांतून खाली लोंबणारी झाडांची मुळे, एवढेच तेथे आहे. किल्ल्याच्या आणि तटाच्या बांधकामासाठी पोर्तुगीजांनी दगड येथूनच काढला असे सांगितले जाते. भिंतींवर काटकोनात कापल्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खुणा इतक्या स्पष्ट आहेत की भाचा एका खाचेत हात घालून दगडाच्या एका चिऱ्याचे माप घेऊ लागला, आणि नंतर किल्ल्यावर त्याने तसाच चिरा शोधण्याचा सपाटा लावला. गाईडचे कौशल्य येथे दिसले: त्याने आधी गुंफा दाखवल्या आणि किल्ला शेवटी ठेवला, त्यामुळे किल्ल्याची प्रत्येक भिंत पाहताना तिच्यासाठी रिकामी झालेली जागा डोळ्यांसमोर होती. तुमची सफर उलट क्रमाने आखलेली असेल तर हा क्रम आवर्जून मागून घ्या. आत जमीन ओबडधोबड असून कोपऱ्यांत अंधार असतो. चप्पल नको, बूट हवेत. ऊन वर आल्यावर झरोक्यांतून प्रकाश सरळ उतरतो, त्यामुळे केवळ छायाचित्रांसाठी येणाऱ्यांनी उशिरा, पायी किंवा रिक्षाने, पुन्हा यावे.

तेथून जालंधरच्या किनाऱ्याला उतरून रस्ता समुद्राला धरून चक्रतीर्थाकडे जातो. टेकाडावर खुकरी स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या हँगोर या पाणबुडीने आयएनएस खुकरी ही युद्धनौका दीवजवळच्या समुद्रात बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही, आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती ठेवलेली आहे. समोरच्या खडकांवर मात्र सेल्फीसाठी उतरू नये, शेवाळ फसवे असते. याच नावाची पुढची युद्धनौका सेवानिवृत्त झाल्यावर दीवला संग्रहालय म्हणून आणली आहे. ती वेगळी पाहावी लागते, सफरीत बसत नाही.

चर्चकडे जाणारा रस्ता हा या वाटेवरचा एकमेव चढ, आणि तोही किरकोळ. तीन चर्च जवळजवळ आहेत. संत पॉलचे चर्च १६०१ ते १६१० या काळात बांधले गेले आणि तेथे आजही प्रार्थना होते, म्हणून रविवारी सकाळी पर्यटकांनी आत गर्दी करू नये. पांढऱ्या दर्शनी भागापेक्षा आतले कोरीव लाकूडकाम पाहण्यासारखे आहे. १५९८ चे संत थॉमसचे चर्च आता संग्रहालय असून त्यात संतांच्या जुन्या लाकडी मूर्ती आणि शिलालेख ठेवले आहेत. तिसरे, असिसीच्या संत फ्रान्सिसचे, सर्वांत जुने, १५९३ चे. त्यात पुढे रुग्णालय चालले.

सफर किल्ल्याच्या दारात संपते, आणि गाईडने किल्ला आतून अर्ध्या तासात दाखवण्याची तयारी दर्शवली तरी ती नम्रपणे नाकारावी. किल्ल्याला स्वतंत्र दोन तास हवेत. त्याची कथा आपल्या पावागडाच्या पायथ्याशी सुरू होते. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनपुढे माघार घेत होता. १५३५ मध्ये त्याची राजधानी चांपानेर हुमायूनने घेतली आणि सुलतान दीवला आला. मोगलांविरुद्ध मदत मिळावी म्हणून त्याने पोर्तुगीजांना येथे किल्ला बांधू दिला. वसई तर त्याने आदल्याच वर्षी त्यांना देऊन टाकली होती. फेब्रुवारी १५३७ मध्ये पोर्तुगीजांची भेट घेऊन परतताना याच समुद्रात झालेल्या झटापटीत तो मारला गेला. पुढे १५३८ मध्ये तुर्की आरमार घेऊन आलेला सुलेमान पाशा आणि १५४६ मध्ये सुरतेचा किल्ला उभारणारा खोजा सफर, दोघांनीही वेढे घातले, पण किल्ला पडला नाही. वसई १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकली. दीव मात्र १९६१ मध्ये भारतीय सैन्याच्या कारवाईपर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिले. हे माहीत असून तटावर उभे राहिले की तीन बाजूंचा समुद्र, चौथ्या बाजूचा खडकात खोदलेला खंदक आणि खाडीकडे तोंड करून पडलेल्या तोफा यांचा अर्थ लागतो. तटाला बहुतेक ठिकाणी कठडा नाही, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नये. सावली अगदी थोडी आहे. सायकली परत करून, नाश्ता करून, संध्याकाळी चारनंतर किल्ल्यावर गेलो हे चांगले झाले.

आता काही सुटे सल्ले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि लांब शनिवार-रविवार टाळावेत, कारण हॉटेलांचे दर चढतात आणि रस्त्यांवर भाड्याच्या स्कूटरींची झुंबड असते. संध्याकाळी त्यांतले काही चालक शुद्धीत असतीलच असे नाही, म्हणून सायकल सकाळीच चालवावी. आमच्या हॉटेलाने सुचवलेली सूर्यास्ताची सफर आम्ही याच कारणाने नाकारली. सकाळी वारा पडलेला असतो आणि अकरानंतर समुद्रावरून जोराचा सुटतो. त्यामुळे पुढे स्वतः सायकल घेऊन नागव्याला जाणार असाल तर लवकर पश्चिमेकडे जावे, म्हणजे परतताना वारा पाठीशी मिळतो. त्या रस्त्यावर होक्याची झाडे दिसतात. ताडासारखीच, पण खोडाला दोन-दोन फांद्या फुटलेली. बायकांनी साडी, मोठी ओढणी किंवा खांद्यावरची पर्स टाळावी, ती साखळीत अडकते. सुटे पैसे जवळ ठेवावेत.

फुदमचे गंगेश्वर महादेव लहान सफरीत येत नाही, पण शहरापासून तीन-चार किलोमीटरवरच असल्याने सायकल तासाभरासाठी वाढवून घेऊन तेथे जाता येते. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगे आहेत आणि भरतीची लाट त्यांच्यावरून जाते. भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी गाईडला किंवा बंदरावरच्या खलाशांना विचारावी; पूर्ण ओहोटीला गेलात तर लाट दिसणार नाही आणि भर भरतीला पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून भरती चढू लागल्यावरची वेळ साधावी.

परतताना ताड येथील तपासणी नाक्यावर गाड्या आणि बसमधील सामान उघडून पाहिले जाते. दीवमध्ये विकत घेतलेली बाटली गुजरातच्या हद्दीत आणणे हा गुन्हा आहे, आणि एका सहप्रवाशाच्या पिशवीमुळे सगळी बस ताटकळत राहते. रात्रीची बस धरणाऱ्यांनी भावनगरचा पुढचा जोडप्रवास ठरवताना हा वेळ हिशेबात धरावा.